जुनी टोपोशीट उपग्रह-चित्रावर बसत नाही? ताणण्याआधी चूक मोजा

पैठण, गंगापूर, वाळूज, चिकलठाणा या पट्ट्याची १९५० च्या दशकातली टोपोशीट (डोंगर, नद्या, गावं दाखवणारा सविस्तर छापील नकाशा) स्कॅन करून उपग्रह-चित्रावर बसवली की हमखास एक तक्रार येते. चारही कोपरे नीट टाकले, आकडे दोनदा तपासले, तरी देऊळ शेजारच्या वावरात जाऊन बसलंय आणि नाला डांबरी रस्त्यावर चढलाय. मग माणूस आणखी दहा-वीस जुळवणीचे बिंदू टाकतो, नकाशा इकडून तिकडून ताणतो आणि देऊळ एकदाचं जागेवर आणतो. पुढे शेजारची शीट जोडायला घेतली की दोघींच्या कडा जुळत नाहीत. किंवा तीच फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की सगळं पुन्हा सरकलेलं.

माझं सांगणं एवढंच आहे: नकाशाला हात लावण्याआधी चूक किती मीटरची आहे आणि कोणत्या दिशेला आहे, ते मोजा. बहुतेक वेळा त्या दोन गोष्टींवरूनच कारण कळतं, आणि प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे. ताणल्याने चूक जात नाही. ती शीटभर पसरते, आणि मग शोधायला गेलं तरी हाती लागत नाही.

या नकाशांसाठी एवढा आटापिटा का, तेही सांगतो. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते. चिकलठाणा, वाळूज, पैठण इथल्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या त्या साठच्या दशकापासून पुढे, आणि आता बिडकीनची भर पडली आहे. म्हणजे गोदावरी आणि खाम या नद्यांचं हे खोरं पाण्याखाली आणि कारखान्यांखाली जाण्याआधी कसं होतं, ते सविस्तर दाखवणारी ही शेवटची मोजणी. कारखान्यांच्या भिंतींआड गेलेला ओढा शोधणारे कार्यकर्ते, बुडालेल्या गावांची नातवंडं, भूगोलाचे विद्यार्थी, सगळे याच कागदाकडे येतात. तो शंभर-दीडशे मीटर सरकलेला असेल तर ओढा कुंपणाच्या आत होता की बाहेर, या प्रश्नाचं उत्तरच उलटं येतं.

हातात नेमकी कोणती शीट आहे

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत देश ४ अंश बाय ४ अंशांच्या चौकोनांत विभागलेला आहे. ४७ नंबरचा चौकोन १६ ते २० अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व. त्याचे एकेक अंशाचे १६ तुकडे, ए ते पी. अक्षरं वरून खाली उतरतात आणि मग पुढच्या उभ्या ओळीत जातात, डावीकडून उजवीकडे नाही. इथेच पुष्कळजण चुकीची शीट मागवतात. छत्रपती संभाजीनगर, पैठण, जालना हे सगळं ४७ एम मध्ये येतं. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ भाग, तेही वरून खाली मोजायचे: शहर ४७ एम/५ वर, पैठण ४७ एम/७ वर, जालना ४७ एम/१३ वर. नांदेडसाठी ५६ ई/८. या १५ मिनिटांच्या शीटा एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाच्या.

दुसरा प्रकार अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने पन्नासच्या दशकात काढलेल्या यू ५०२ मालिकेचा. प्रमाण १:२,५०,०००. ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून खुली ठेवली आहे, त्यामुळे सर्वांत जास्त हिंडते ती हीच. आपला भाग एनई ४३-३ या शीटवर, ७५ ते ७६.५ अंश पूर्व आणि १९ ते २० अंश उत्तर.

हे दोन प्रकार वेगळे ओळखणं गरजेचं आहे, कारण जमिनीवरचे १४० मीटर (नेहमीची चूक एवढीच असते, ते पुढे येईल) इंची शीटवर सव्वादोन मिलिमीटर भरतात आणि यू ५०२ वर जेमतेम अर्धा मिलिमीटर. पहिल्यात ती चूक नजरेला खुपते, दुसऱ्यात छापलेल्या रेषेच्या जाडीतच निम्मी मुरते.

शीटच्या खालच्या समासातलं बारीक अक्षर आधी वाचून काढा. मोजणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं; १९५५ ला छापलेल्या कागदावर वीस-पंचवीस वर्षं आधीची मोजणी असू शकते. समासात ग्रिडचं, म्हणजे नकाशावर छापलेल्या चौकोनी जाळीचं, नावही दिलेलं असतं, ते पुढे लागणार आहे. स्कॅन करणाऱ्याने समास कापून टाकला असेल तर पूर्ण स्कॅन मागून घ्या. समासाशिवायच्या शीटवर काम सुरू करू नये, असं माझं मत आहे.

चूक मोजायची कशी

शीटच्या चार दिशांना आणि मधोमध, अशा जागा निवडा की ज्या सत्तर वर्षांत हललेल्या नाहीत. देवगिरीच्या किल्ल्याचा माथा, बीबी का मकबरा, टेकडीवरचा त्रिकोण-चिन्हाचा मोजणी-बिंदू, जुन्या दगडी देवळाचं शिखर. नदीचा काठ घेऊ नका. गावाच्या नावाचं लेबल तर मुळीच घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल. रेल्वेचा रूळ चालतो, पण जपून. मनमाड–सिकंदराबाद हा मार्ग त्या काळी मीटरगेज होता, नंतर रुंदीकरण झालं, तेव्हा वळणं आणि पूल यांच्यावर विसंबू नका, लांब सरळ तुकडा घ्या.

प्रत्येक जागी नकाशावरच्या खुणेपासून उपग्रह-चित्रातल्या खऱ्या जागेपर्यंत रेघ ओढा. लांबी आणि दिशा वहीत लिहा. एवढं झालं की निम्मं काम झालं.

सगळीकडे सारखीच चूक, आग्नेयेकडे, १४० मीटरच्या आसपास

नकाशा पूर्वेला सुमारे १०० मीटर आणि दक्षिणेला सुमारे ९५ मीटर गेलेला, शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढाच. असं दिसलं की बाकी काही शोधू नका. कारण डेटमचं आहे, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले त्या आधाराचं.

छापलेले अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर (म्हणजे त्याने धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर) आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूर या मूळ बिंदूवर बेतलेले आहेत. तुमचा फोन, जीपीएस आणि उपग्रह-चित्रं डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर चालतात. दोन्ही लंबगोलांचे आकार वेगळे आणि केंद्रंही वेगळ्या जागी. एव्हरेस्टचा लंबगोल एकोणिसाव्या शतकातल्या मोजमापांवरून भारताच्या भूमीला चपखल बसेल असा काढलेला, तर डब्ल्यूजीएस ८४ पूर्ण पृथ्वीसाठी. त्यामुळे १९ अंश ३० मिनिटे हा आकडा दोन्हींत सारखा असला तरी जमिनीवरची जागा एक नाही. दोन केंद्रांमधलं अंतर तीन आकड्यांत सांगतात: २९५, ७३६ आणि २५७ मीटर. भारत आणि नेपाळसाठी हे आकडे सर्रास वापरले जातात आणि त्यांत स्वतःची दहा-पंधरा मीटरची अनिश्चितता आहे.

सरक सगळ्या मराठवाड्यात एकसारखी नाही. पैठणपाशी पूर्वेकडची सरक १०० मीटर, तर नांदेडपाशी ती १२५ च्या आसपास जाते. म्हणून पैठणला काढलेली सरक नांदेडच्या शीटला हाताने लावू नका, सॉफ्टवेअरला हिशेब करू द्या.

आता इलाज. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (नकाशा जागेवर बसवण्याच्या साधनात) कोपऱ्यांवर छापलेले अंश-मिनिटे टाकताना बहुतेकजण लक्ष्य-प्रणाली म्हणून ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हे प्रणालींचे क्रमांक, ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४) निवडतात, कारण ती आधीच तिथे असते. दुखण्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही एव्हरेस्टचे आकडे देताय आणि ते डब्ल्यूजीएसचे आहेत असं सांगताय. त्याऐवजी ईपीएसजी ४१४६ निवडा, तिचं नाव कल्याणपूर १९७५. शीट १९५५ ची असली तरी चालतं. त्या काळच्या व्याख्येतला फरक आपल्या कामाच्या अचूकतेपेक्षा लहान आहे. शीट या प्रणालीत बसली की मग वॉर्प वापरून ती ईपीएसजी ३२६४३ मध्ये न्या, म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीचा ४३ वा पट्टा. मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग त्यात बसतो. फक्त किनवटकडचा कोपरा ७८ अंशांच्या पलीकडे जातो, तिथे ४४ लागतो.

वॉर्प आणि "प्रणाली नेमणे" या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नेमल्याने फक्त पाटी बदलते, आकडे तेच राहतात. वॉर्पने आकडे बदलतात. पाटी बदलून काम झालं असं समजणारे फार भेटतात.

वॉर्प करताना क्यूजीआयएसने कोणतं रूपांतर निवडलं ते बघाच. सेटिंग्जमधल्या रूपांतरांच्या पानावर "एकापेक्षा जास्त रूपांतरं असतील तर विचारा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. यादीत २९५, ७३६, २५७ दिसले तर ठीक. "बॉलपार्क" असा शब्द दिसला तर समजा की सॉफ्टवेअरने डेटमचा फरक सोडूनच दिलाय, आणि चूक जशीच्या तशी राहणार. कुणी हे आकडे हाताने भरले असतील आणि चूक कमी होण्याऐवजी २०० मीटरच्या आसपास, जवळजवळ पूर्वेकडे गेली असेल, तर उणे-अधिक चिन्हं उलटी पडली आहेत. पूर्वेकडची सरक दुप्पट होणं ही त्याची पक्की खूण.

दुरुस्त केलेली शीट पुन्हा सरकते ती कशामुळे

बहुतेक वेळा फाइल इकडून तिकडे देताना. टिफ चित्रासोबत जागेची माहिती ठेवणारी छोटी फाइल वेगळी असेल, तर चित्र एकटंच पुढे जातं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर चित्र लहान होतं आणि आतली जागेची माहितीही पुसली जाते. घेणारा मग कोपऱ्यांचे आकडे वाचून ते गूगल अर्थच्या चित्र-आच्छादनात टाकतो. गूगल अर्थला एव्हरेस्ट माहीत नाही, तो ते आकडे डब्ल्यूजीएसचेच धरतो. झालं, तीच आग्नेयेची १४० मीटर सरक परत आली. तुम्ही शीट दहा वेळा दुरुस्त केली तरी ती दहाही वेळा परत येणार, कारण चूक तुमच्या फाइलमध्ये नाही, पुढच्या माणसाच्या हातात दर वेळी नव्याने तयार होते.

म्हणून वॉर्प झालेली जिओटिफच (जागेची माहिती आतच असलेली टिफ) पुढे द्या, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगल अर्थसाठी हवी असेल तर वॉर्पनंतर काढलेली केएमझेड द्या. फाइलच्या नावातच लिहा: "४७ एम ७, डब्ल्यूजीएस, वॉर्प झालेली". मूळ स्कॅनच्या नावात "कच्ची" हा शब्द घाला. तालुक्याच्या गावी बसून काम करणाऱ्या चार माणसांच्या गटात यापेक्षा उपयोगी सवय मला तरी दुसरी माहीत नाही.

शीट फिरल्यासारखी दिसते

मध्ये ठीक, पण एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली गेलेली. हा प्रकार ग्रिडच्या रेषांवरून शीट बसवणाऱ्यांकडे होतो. त्या काळच्या शीटांवर अक्षांश-रेखांशांखेरीज यार्डांतली एक ग्रिड छापलेली असते. मराठवाडा तिच्या तिसऱ्या पट्ट्यात येतो. या पट्ट्याचं केंद्र १९ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व, म्हणजे आपल्यापासून बरंच पूर्वेला. त्यामुळे पैठणपाशी ग्रिडच्या उभ्या रेषा खऱ्या उत्तरेपासून दीड अंशाने कललेल्या आहेत. रेषा सरळ उभ्या धरून शीट लावली, तर इंची शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातशे मीटरांहून जास्त फरक पडतो.

ग्रिडच वापरायची असेल तर तिच्या मूळ प्रणालीत वापरा: ईपीएसजी २४३८१. फक्त ती मीटरमध्ये आहे आणि कागदावरचे आकडे यार्डांत, तेव्हा आकडे आधी ०.९१४३९८५ ने गुणा. भारतीय यार्ड आजच्या यार्डापेक्षा किंचित लहान. ०.९१४४ ने गुणलं तर केंद्रापाशीच्या ३०,००,००० यार्डांच्या आकड्यावर साडेचार मीटरांचा फरक येतो. तो आपल्याला चालून जाईल, पण फुकटची चूक कशाला घ्यायची. यू ५०२ च्या काही शीटांवर यार्डांऐवजी यूटीएमची मीटर-ग्रिड आहे. समासातली टीप वाचा असं वर म्हटलं ते यासाठी.

माझा सल्ला, ग्रिड बाजूला ठेवा आणि चौकटीवरचे अंश-मिनिटेच घ्या.

कोपरे जुळतात, मधला भाग उतरतो

हे यू ५०२ चं खास दुखणं. शीट दीड अंश रुंद आहे आणि कागदावर अक्षांशाची रेषा किंचित वाकलेली असते, मध्ये खाली झुकलेली. एनई ४३-३ च्या दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली तर खरी अक्षांश-रेषा मधोमध दोरीच्या खाली सुमारे पाऊण मिलिमीटर जाते. जमिनीवर तेच १७० मीटर. फक्त चार कोपरे देऊन अंशांत शीट बसवली, तर कोपरे छान जुळतात आणि मध्यभाग तेवढा दक्षिणेला पडतो. लोक याला डेटम समजून सगळी शीट उत्तरेला ढकलतात, आणि मग कोपरे बिघडतात.

शीटच्या आत दर पंधरा मिनिटांवर बारीक फुल्या छापलेल्या असतात. त्या सगळ्या बिंदू म्हणून टाका आणि रूपांतराच्या प्रकारात दुसऱ्या घाताचं बहुपद (पॉलिनोमियल २) निवडा. बस. इंची शीटला याची गरज नाही, तिथे हा वाक पाच मीटरही भरत नाही.

एका बाजूला वाढत जाणारी चूक

कागद आक्रसतो, घडीवर ताणला जातो, फोनने तिरका फोटो काढला तर कडा तिरप्या होतात. पट्टी घेऊन मोजा. ४७ एम/७ ची चौकट उभी ४३.७ सेंटिमीटर भरली पाहिजे, वरची कड ४१.४ आणि खालची अर्ध्या मिलिमीटरने जास्त. कागद अर्धा टक्का आक्रसलेला असेल तर एका कोपऱ्यापासून मोजत गेल्यावर दुसऱ्या टोकाला १४० मीटरची चूक दिसते. आकडा डेटमच्या चुकीइतकाच, म्हणून फसायला होतं. फरक एवढाच की डेटमची चूक सगळीकडे सारखी असते आणि ही एका टोकाला शून्य. चारही कोपरे नीट टाकले की ही जवळजवळ निघून जाते. घडीची सुरकुती मात्र राहते, तिथल्या जागा मोजमापासाठी घेऊ नका.

नकाशा बरोबर आहे, जमीन बदलली आहे

वरचं सगळं केल्यावरही नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठाला काहीतरी चुकतंय असं वाटतं. इथे मात्र नकाशाला हात लावू नका.

धरणात गेलेल्या गावांचं पुनर्वसन झालं तेव्हा नव्या वस्तीला जुनंच नाव राहिलं. आज ऑनलाइन नकाशावर दिसणारं नाव नव्या गावठाणाचं आहे, टोपोशीटवरचं नाव जुन्याचं. दोन नावं एकमेकांवर आणायला गेलात तर शीट काही किलोमीटर ओढली जाईल. गावाच्या नावाचा बिंदू घेऊ नका, असं म्हटलं ते यासाठी.

दुसरी गोष्ट रेषांच्या रंगाची. या शीटांवर वाहतं पाणी निळं असतं आणि कोरड्या ओढ्या-नाल्यांची पात्रं काळ्या रेषेने काढतात. मराठवाड्यात पावसाळा सोडला तर बहुतेक ओढे कोरडेच, म्हणून नकाशावर काळ्या रेषांचं जाळं दिसतं. ते पायवाटा म्हणून वाचले जातात, आणि मग "नाला नकाशावर नाहीच" असा निष्कर्ष निघतो. गंगापूर तालुक्यात एका गावात आम्ही छापील प्रत घेऊन बसलो होतो. एका आजोबांना विचारलं, "आबा, ही काळी रेघ म्हणजे वाट का?" त्यांनी बोट ठेवून रेघेचा शेवट शोधला. ती नदीत जाऊन मिळत होती. "वाट आसती तं पल्याड निघाली आसती," ते म्हणाले. "ह्यो वढा हाय. पान्याच्या दिसात ह्याच्यातूनच गाड्या घालायचो, पर हाय वढाच." रेघ नदीला मिळून थांबते की पलीकडे चालू राहते, ही कसोटी मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

नाथसागराच्या काठाने तर फार चांगली तपासणी करता येते. जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट, मीटरमध्ये ४६३.९०६. आपल्याकडे वर्तमानपत्रं आजही ही पातळी फुटांत छापतात, आणि जुन्या शीटवरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषाही फुटांतच आहेत, बहुधा ५० फुटांच्या अंतराने. म्हणजे धरण भरलं की १,५०० ची रेषा सगळीकडे पाण्याखाली हवी आणि १,५५० ची सगळीकडे कोरडी. धरण भरलेल्या वर्षाचं, उदाहरणार्थ २०२० च्या पावसाळ्यानंतरचं, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र घ्या. ते फुकट मिळतं. त्यावर शीट ठेवा आणि काठाकाठाने फिरा. काठ सपाट आहे तिथे काही कळणार नाही, बावीस फुटांची चढण तिथे किलोमीटरभर पसरते. काठ उभा आहे तिथे थांबा. शीट आग्नेयेला सरकलेली असेल तर एका काठावर १,५५० ची रेषा पाण्यात उतरलेली दिसते आणि समोरच्या काठावर १,५०० ची रेषा कोरड्यावर चढलेली. दोन्ही काठ एकदम तपासले जातात, म्हणून मला ही कसोटी एखाद-दुसऱ्या देवळापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

उलटी कसोटी दुष्काळाची. २०१९ च्या मे महिन्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. धरणाजवळ तेव्हाही पाणी होतं, पण कायगाव टोक्याच्या बाजूला फुगवटा ओसरून गोदावरीचं जुनं पात्र उघडं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना गाळपेरा दिसत होता. त्या महिन्याचं चित्र आणि जुनी शीट एकमेकांवर ठेवली की प्रवरा संगमाची वळणं जुळतात का ते बघता येतं. पात्राचा काठ बिंदू म्हणून घेऊ नका, हे इथेही लागू आहे; चाळीस-पन्नास वर्षं गाळ बसत आलाय. पण वळणांची एकूण ठेवण जुळली पाहिजे. ज्यांचं गाव पाण्यात गेलं त्यांना हे दोन थर एकत्र दाखवा. कोणत्या वळणावर घाट होता, कुठून उतार होता, हे ते लगेच सांगतात, आणि ती माहिती कोणत्याही शीटवर छापलेली नसते. लिहून घ्या.

चूक चार किलोमीटरची असेल तर

मग तुमच्याकडे शतकाच्या मध्याची शीट नाही, एकोणिसाव्या शतकातल्या ॲटलास-शीटची प्रत आहे. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या किमतीवर धरलेले होते आणि त्यांतून सुमारे २ मिनिटे २७ सेकंद वजा करावे लागतात. आपल्या अक्षांशावर ते जवळपास ४.३ किलोमीटर होतात. समासात तशी टीप बहुधा असते.

किती अचूकतेवर थांबायचं

इंची शीट सगळी काळजी घेऊन बसवली तर पंचवीस-तीस मीटरपर्यंत जुळते, असं माझ्या कामात दिसतं. यू ५०२ साठी शंभर-सव्वाशे मीटर म्हणजे उत्तम. त्याच्या आत आणण्यासाठी ताणू नका. कागदावर पाव मिलिमीटर जाडीची रेघच इंची शीटवर १६ मीटर व्यापते.

आणि एक विनंती. ही शीट घेऊन बांधाच्या भांडणात उतरू नका. टोपोशीटवर गट नंबर नसतात, शेताची हद्द नसते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाचा गटनकाशा आणि मोजणीच लागते. ओढा कुठून कुठे वाहत होता, हे मात्र ही शीट चांगलं सांगते. ते सांगताना "इंची शीट, मोजणीचं वर्ष अमुक, अचूकता अधिक-उणे तीस मीटर" असं सोबत लिहा, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला ते सहज बाजूला सारता येत नाही.

तुमची चूक यांपैकी कशातच बसत नसेल, तर पाच जागांची लांबी-दिशा, शीटचा नंबर आणि खालच्या समासाचा फोटो एवढं सोबत ठेवून विचारा. नुसत्या "जुळत नाही" वरून कुणालाच काही सांगता येत नाही.